उंदराची चतुर्थी

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. उभ्या नोकरीत ह्यांनी लाखो माणसं मोजली, पण घरात किती माणसं आहेत हे मोजायला ह्यांना सवड झाली नाही. रिटायर झाल्यावर लोक देवळात भजनाला जातात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात चुका काढतात. ह्यांनी दोन्ही करून पाहिलं. भजनात आवाज लागेना आणि स्वयंपाकघरातून मी हाकललं. मग एके दिवशी हे तलासरीला गेले आणि चपलेचं खोकं घेऊन परत आले.

मला वाटलं, चपला आणल्या. खोकं उघडलं तर आत एक कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू म्हणायलाही जीभ रेटेना. दोन कान, दोन डोळे, आणि उरलेली जागा थरथरत होती. तलासरीला ह्यांचा एक जुना ड्रायव्हर राहतो. त्याचा मुलगा असली विलायती कुत्री पाळतो आणि त्यांची पिल्लं वाढवतो. त्यानं हे ध्यान ह्यांच्या गळ्यात मारलं.

"चिवावा म्हणतात ह्या जातीला," हे म्हणाले. पुढच्या थांब्याचं नाव पुकारावं तसं म्हणाले. "फार मोठी जात आहे."

"जात मोठी असेल," मी म्हटलं, "कुत्रं कुठाय?"

आम्ही घोलवडजवळ राहतो. माझ्या माहेरची चिकूची लहानशी वाडी आहे, तिच्यात घर आहे. इथं कुत्रं पाळतात ते राखणीला. रात्री वाडीत कुणी शिरलं तर त्याच्या पोटरीचा लचका तोडेल असं कुत्रं. हे आमचं कुत्रं पिकलेला चिकू अंगावर पडला असता तर जागच्या जागी गेलं असतं.

संध्याकाळी शेजारच्या गुजराती काकी बघायला आल्या. त्यांचं किराण्याचं दुकान आहे. मालाची पारख करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी चष्मा वर केला, खोक्यात वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "अरे, आ तो उंदर छे!"

मी पोट धरून हसले. पण ह्यांनी हात जोडले. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती आणि ह्यांची संकष्टी म्हणजे काय सांगावं! लग्नाच्या आधीपासून धरलेली, कधी न मोडलेली. चंद्र दिसेपर्यंत अन्नाचा कण नाही. "काकी बोलल्या ते देवच बोलला," हे म्हणाले. "चतुर्थीला उंदीर घरी आला. गणपतीनं स्वतःचं वाहन पाठवलंय."

आता ज्या देवाचं पोट एवढं मोठं, त्याचं वाहन एवढंसं, यात देवाची काही योजना असेल. आमच्या घरात कुणाची काय योजना होती ते मला अजून कळलेलं नाही. मी फक्त एवढंच पाहिलं की हे खोक्यापाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "ये गं बाय, ये."

'बाय' हे आमच्या मुलीचं घरातलं नाव. म्हणजे तसं कुठल्याही मुलीला इकडे बायच म्हणतात, पण आमच्या घरात बाय एकच होती. ती आता पुण्याला नोकरी करते. तिचं नाव ह्यांनी कुत्रीला दिलं आणि ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. माझ्या सगळंच लक्षात येतं, तोच माझा आजार आहे.

दुसऱ्या दिवशी पिल्लाला डहाणूला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाकावर आमच्या आधी एक शेळी घेतलेली बाई होती आणि एक माणूस आजारी म्हशीचा व्हिडिओ फोनवर काढून घेऊन आला होता. ह्यांनी टॉवेलातून आमचं रत्न बाहेर काढलं तेव्हा शेळीसुद्धा मान वळवून बघायला लागली. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलायला फटकळ. मला एकदम आवडल्या. त्यांनी पिल्लाच्या डोक्यावर बोट फिरवलं आणि सांगितलं की ह्या जातीच्या काही पिल्लांची टाळू भरलेली नसते, हिचीही नाही, तिथं हाड मऊ आहे, डोकं कुठं आपटू देऊ नका. गुडघ्याची वाटी सरकू शकते, म्हणून पलंगावरून उड्या नकोत. बाहेर एकटी सोडू नका, घार उचलून नेईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिला उपाशी ठेवू नका. एवढ्याशा जिवात साखर साठत नाही. थोड्या थोड्या वेळानं भरवत राहा. कधी मलूल पडली, मान टाकली, तर वेळ न घालवता हिरड्यांना मध नाहीतर गुळाचं पाणी चोळा आणि माझ्याकडे घेऊन या.

हे सगळं आम्ही दोघांनी ऐकलं. पण ऐकून प्रत्येक जण आपल्याला हवं तेवढंच घरी आणतो. ह्यांनी घरी आणली ती टाळू.

तान्ह्या बाळाची टाळू भरतात, हे ह्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. ऐकलंच होतं, कारण आमच्या मुलीची टाळू भरली तेव्हा हे ड्युटीवर होते. आता रोज सकाळी अंघोळ करून हे खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसायचे आणि कुत्रीच्या टाळूवर तेल थापायचे. ती तेल चाटायची. तेल चाटून तिला जुलाब व्हायचे. जुलाब झाले की हे पांढरेफटक पडायचे आणि फोनवरच्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर विचारायचे. ग्रुपवर एक जण म्हणायचा दही द्या, दुसरा म्हणायचा दही मुळीच देऊ नका. शेवटी मीच एके दिवशी तेलाची वाटी उचलून फळीवर ठेवली. जुलाब थांबले. ग्रुपवर ह्यांनी कळवलं की दह्यानं गुण आला.

खरं सांगायचं तर तिचं येणं अगदीच वाईट नव्हतं. ती माझ्या चपलेत झोपायची. पूर्ण मावायची, वर शेपटीला जागा उरायची. चिकूचं वाळलेलं पान अंगणात सरकलं की त्याच्यावर अशी भुंकायची की जणू वाडीत दरोडा पडलाय, आणि पान थांबलं की स्वतःच दचकून माझ्या लुगड्याखाली शिरायची. पळताना मागचे पाय पुढच्यांच्या आधी पोचायचे. मी एकटी असताना हसायचे. हे आले की तोंड सरळ करायचे. ह्यांना तेवढंही सुख का द्यावं!

कारण मला राग होता आणि तो कुत्रीवर नव्हता.

लग्नानंतर आम्ही कासाच्या पलीकडे डोंगराकडच्या गावात, ह्यांच्या घरी राहायचो. मुलगी तेव्हा बोबडं बोलायची. एका दुपारी तिला ताप चढला आणि बघता बघता आकडी आली. डोळे फिरले, दात बसले. हे तलासरीच्या गाडीवर ड्युटीला. मी तिला पदरात गुंडाळून प्रवासी जीपमध्ये बसले, आणि कासाच्या दवाखान्यापर्यंत तिचं तोंड माझ्या तोंडाशी धरून श्वास चाललाय का ते बघत गेले. त्या रात्री ती शुद्धीवर आली. हे उगवले दुसऱ्या दिवशी. खाकी कपड्यात, खांद्याला तिकिटांची पेटी. खोलीच्या आतसुद्धा आले नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभं राहून विचारलं, "बरी आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

"गाडी खोळंबलीय," म्हणाले आणि गेले.

संसारात भांड्याला भांडं लागतंच. पण आमच्या घरात दर भांडणाच्या शेवटी माझ्याकडे एक हुकमी पान असायचं. 'तुम्ही दारातले पाहुणे', असं मी म्हणायचे. हे एकदाही उलटून बोलले नाहीत. मला वाटायचं, बोलणार काय? बोलायला तोंड आहे का?

आणि आता हाच माणूस कुत्री शिंकली की थर्मामीटर शोधत घरभर फिरत होता. तिच्या पोटावर तळहात ठेवून श्वास बघत होता. ते बघून मला काय व्हायचं ते कुणाला सांगून पटलं नसतं. कुत्रीचा हेवा करणारी बाई म्हणून जगानं मलाच वेड्यात काढलं असतं.

पुढची संकष्टी आली. माझी तलासरीची बहीण गुडघ्याचं ऑपरेशन करून पडली होती, तिला बघायला मी सकाळीच निघाले. मी स्वतः उपास कधीच सोडलेत. निघण्याआधी मोदकांसाठी नारळ खवून ठेवला, गूळ चिरून झाकून ठेवला, कुत्रीचं खाणं कुठं आहे ते ह्यांना दाखवलं. "वेळेवर भरवा," म्हटलं. "मला काय सांगतेस?" म्हणाले. बरोबरच होतं. घरातल्या कुत्रीचे तज्ज्ञ तेच होते.

दुपार कलल्यावर मी परत आले. अंगणात भुंकणं नाही. ओटीवर ह्यांची चप्पल होती. आत गेले तर हे मधल्या खोलीच्या दारात उभे. चौकटीला हात लावून. आत कोपऱ्यात तिच्या गादीवर ती आडवी पडलेली.

"बघ ना काय झालंय," हे म्हणाले. "सकाळपासून शांतच होती. मला वाटलं, पाळतेय."

"काय पाळतेय?"

"उपास."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. गणपतीच्या वाहनानं चतुर्थीला खायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं होतं. सकाळी चमचाभर दूध पाजलं, कारण दूध उपासाला चालतं. साबुदाण्याचा दाणा पुढं धरला, तो तिनं हुंगून सोडला. त्यावर हे खूश! केवढा तो निग्रह! पिल्लू भुकेनं मलूल होत गेलं आणि हे तिची भक्ती बघत बसले. आणि हा उपास कशासाठी? तर पिल्लाला दीर्घायुष्य मिळावं म्हणून! देवानं कपाळावर हात मारला असेल.

पण तेव्हा हे सगळं बोलायला वेळ नव्हता. मी तिला उचललं. मान लुळी, अंग गार, जिभेचा रंग उडालेला. मी देवघराकडे धावले. मोदकांसाठी चिरलेल्या गुळाची वाटी देवापुढेच झाकून ठेवली होती. त्यातली चिमूट घेतली, तळहातावर दोन थेंब पाणी घेऊन चुरली.

"अगं," हे दारातूनच म्हणाले, "नैवेद्य दाखवायचाय अजून."

मी तिचा जबडा बोटानं उघडला. त्यांनी मान खाली घातली.

बोटानं तिच्या हिरड्यांना गूळ चोळायला लागले. तिचे दात तांदळाच्या कणीएवढे. एकदा चोळलं, काही नाही. परत चोळलं. माझे ओठ आपोआप हलत होते, आणि काय म्हणत होते ते माझं मलाच ऐकू आलं, "बाय, ए बाय, उठ गं." जे नाव कुत्रीला दिलं म्हणून ह्यांच्यावर दात धरून होते, त्याच नावानं मी तिला हाका मारत होते. मग तिची जीभ हलली. माझ्या बोटाला लागली. खरखरीत नव्हती, ओलं कापड लागावं तशी लागली. तिनं बोट चाटलं, आणखी गूळ मागितला, आणि मी तिथंच भिंतीला टेकून बसले. रडले. सरळ सांगते, रडले.

थोडा गूळ रुमालात बांधून घेतला आणि तिला रिक्षानं डहाणूला नेलं. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोज दिलं, आणि काय झालं ते ऐकून त्यांनी जे झाडलं ते मी घरी बसून इतकं नीट झाडू शकले नसते. पण ते ऐकायला हे आत होते कुठं? हे बाहेर बाकावर. मी बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा सुकलेला, ओठ कोरडे. माझ्या रुमालात थोडा गूळ उरला होता, तो मी पुढं केला.

"खा आता. तुम्ही पडलात तर तुम्हाला उचलायला मला दोन माणसं लागतील."

ह्यांनी गूळ तोंडात टाकला. मग हळूच म्हणाले, "गूळ उपासाला चालतो."

अशा माणसाचं काय करायचं?

घरी येऊन पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं आणि तेवढ्यात पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला मी सगळं रंगवून सांगितलं, उपासासकट. ती हसून हसून लाल झाली. मग तिनं सहज विचारलं. तिला कासाचं काही आठवणं शक्य नव्हतं, आणि मीही तिला ते कधी सांगितलं नव्हतं. भांडणात वापरायचं पान मुलीला कशाला दाखवायचं? ती म्हणाली, "बाबा, मी लहानपणी आजारी पडायचे तेव्हाही तुम्ही असेच घाबरायचात?"

मी फोन ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, "सांगा."

ह्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "तुला एकदा कासाला ठेवलं होतं."

"हो? मग?"

"त्याच दिवशी निरोप मिळाला. माझीच गाडी कासावरून जात होती. ड्रायव्हरला म्हटलं, थांब, आलो. गाडीभर माणसं बसलेली. मी चालत दवाखान्यात आलो. दारापर्यंत आलो. तुझी आई पाठमोरी होती, तू तिच्या मांडीवर, हात खाली लोंबत होता तुझा. हलत नव्हता. मला आत येता आलं नाही. म्हटलं, आत गेलो आणि... मग मीच मनाला सांगितलं, गाडी खोळंबलीय. आणि गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, बरी आहे ना."

मुलगी म्हणाली, "बाबा, जेवून घ्या," आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, हे ऐकून माझं मन विरघळेल. पुस्तकांत तसंच होतं. माझं काही विरघळलं नाही. मला नवा राग आला. इतकी वर्षं मी ह्यांना निष्ठुर म्हणून धुतलं आणि हे निघाले नुसते भित्रे! निष्ठुर नवऱ्याबरोबर संसार करता येतो. दोन शब्द सुनावले की आपण मोकळे. भित्र्याला सुनवायचं तरी काय? माझं हुकमी पान एका क्षणात रद्दी झालं. आणि हे आधी सांगितलं असतं तर! आधी सांगितलं असतं तर मीही कदाचित त्या दिवशी किती घाबरले होते ते ह्यांना सांगितलं असतं. तेही राहूनच गेलं.

"भित्रट," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले.

चंद्र उगवल्यावर नैवेद्य दाखवला. उष्ट्या वाटीतलाच गूळ होता. ह्यांनी कुरकूर केली नाही.

नंतर तिला लस द्यायची वेळ आली. डहाणूच्या दवाखान्यात आमचा नंबर लागला आणि हे सवयीनं बाकावर टेकले. मी टॉवेलासकट तिला त्यांच्या मांडीत ठेवलं.

"आज तुम्ही धरा."

"मी? अगं, सुई..."

"सुई तुम्हाला नाही देणार. जा आत."

हे उठले. तिला छातीशी धरून, ब्रेक लागलेल्या गाडीत दांडा धरून चालावं तसे गेले. दार लोटलं गेलं. मी बाकावर बसले. शेजारी कोंबडी घेतलेला एक म्हातारा होता, त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा. आता कळेल, म्हटलं मनात.

मग आतून ती ओरडली. एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ओरडली आणि एकदम गप्प झाली.

मी उठले. दारापाशी गेले. दाराला कडी नव्हती, ढकललं असतं तर उघडलं असतं. हात चौकटीवर ठेवला. आत काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरीणबाई बोलत नव्हत्या, हे बोलत नव्हते, ती रडत नव्हती. दार ढकलायचं, एवढंच करायचं होतं. माझा हात चौकटीवरून सुटेना.

"झालं गं बाय, झालं झालं," आतून ह्यांचा आवाज आला, आणि मागोमाग तिचं बारीक कुईकुई.

दार उघडलं. हे तिला घेऊन बाहेर आले. घामानं शर्ट भिजलेला, पण मान ताठ. मला दारात बघून थबकले.

"इथं काय करतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "रिक्षा बघत होते."